माळ्यावरचा सिनेमा
(घरगुती प्रोजेक्टरची शंभर वर्षे आणि थोडी डागडुजी)

आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं समितीने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "संस्थेच्या इतिहासावर लिहू का?" उत्तर आलं, "तो अध्यक्ष लिहितायत. तुम्ही तुमच्या त्या मशीनबद्दल लिहा." ते मशीन म्हणजे माझ्या घरातला आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. जिन्यातून जाता-येता त्याची टकटक अनेकांनी ऐकली आहे. काहींना ते शिवणयंत्र वाटलं, एका छोट्या मित्राला तर प्रिंटर वाटला. तेव्हा हा लेख त्या आवाजाचा खुलासा आहे असं समजा.

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी जुळवत बसायची सवय राहतेच. लेजर गेलं, त्या जागी दातेरी चाकं आली, एवढंच. पण या यंत्राचा इतिहास शोधू लागलो तसं लक्षात आलं, की हा एका छंदाचा इतिहास नसून साध्यासुध्या कुटुंबांनी स्वतःची आठवण स्वतः जपून ठेवायला कशी सुरुवात केली, त्याचा इतिहास आहे.

घरात सिनेमा का नव्हता?

सिनेमा जन्मला तो १८९५ साली पॅरिसमध्ये, ल्युमिएर बंधूंच्या हातून. सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, तो मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. आपली मराठी माणसंही मागे राहिली नाहीत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म तयार केली होती. ती पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या मुळाशी एका घरातली कुंडी आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण ही सगळी फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची आणि नायट्रेटची. नायट्रेट म्हणजे जवळजवळ स्फोटकांचा भाऊबंद. एकदा पेटलं की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. असली चीज दिवाणखान्यात, मुलाबाळांत, तापलेल्या दिव्यासमोर कोण चालवणार? घरगुती सिनेमाला पहिली अडचण पैशाची नव्हती, आगीची होती.

तोडगा निघाला अ‍ॅसिटेट फिल्मचा. ती सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून तिला 'सेफ्टी फिल्म' म्हणत. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ च्या नाताळाला 'पाथे-बेबी' नावाचा छोटा, हाताने फिरवायचा प्रोजेक्टर बाजारात आणला. फिल्म साडेनऊ मिलिमीटरची आणि भोकं कडेला नव्हे, तर दोन चित्रांच्या मध्ये, बरोबर मधोमध. त्यात एक गंमत होती. मूकपटातली अक्षरं वाचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ दाखवायची तर फिल्म पुष्कळ खर्ची पडते. म्हणून अक्षरांच्या चित्राशी फिल्मच्या कडेला एक खाच असे. खाच आली की यंत्र ते एकच चित्र काही सेकंद रोखून धरी आणि मग पुढे जाई. काटकसर करावी तर अशी!

पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या कोडॅकने सोळा मिलिमीटर आणली. पस्तीसची रुंदी मुद्दाम अर्धी केली नाही. तसं केलं असतं तर कुणीही धोक्याची नायट्रेट फिल्म मधून कापून घरात चालवली असती. कॅमेरा, तिपाई, प्रोजेक्टर आणि पडदा मिळून संच ३३५ डॉलरचा, म्हणजे श्रीमंतांचंच काम. मग १९२९ ची मंदी आली. लोकांच्या खिशात पैसा नाही, तेव्हा १९३२ मध्ये कोडॅकने आठ मिलिमीटर काढली. युक्ती साधी होती. सोळाचीच २५ फुटी फिल्म घ्यायची, तिला दुप्पट भोकं पाडायची. आधी एका अर्ध्या भागावर चित्रण करायचं, रीळ उलटून लावायचं, मग दुसऱ्या अर्ध्यावर. धुतल्यावर मधोमध चिरून टोकाला टोक जोडलं की ५० फूट फिल्म तयार! चार मिनिटांचा सिनेमा. १९३५-३६ पासून कोडाक्रोममुळे त्यात रंग आले. ती रंगीत फिल्म शोधणारे दोघे, मॅनेस आणि गोडोव्हस्की, व्यवसायाने संगीतकार होते, हे मला फार आवडतं. १९६५ मध्ये 'सुपर एट' आली. भोकं लहान करून चित्र सुमारे निम्म्याने मोठं केलं, आणि फिल्म डबीतच बंद. कॅमेऱ्यात सरकवली की झालं.

आपल्याकडे

आमच्या पिढीने छोट्या फिल्मचा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो घरात नव्हे, तर शाळेच्या पटांगणात. सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी यायची, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचा, आणि सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट लागायचे. धरण, देवीची लस, जपानी भातशेती. पडद्याच्या मागे बसलेल्यांना अक्षरं उलटी दिसत, तरी त्यांचं काही बिघडत नसे. आम्हा मुलांचं निम्मं लक्ष पडद्याकडे आणि निम्मं त्या प्रकाशाच्या झोतात नाचणाऱ्या किड्यांकडे.

घरगुती प्रोजेक्टर मात्र मोजक्या घरांत. कॅमेरा परदेशी, फिल्म परदेशी, जकात वेगळी. ज्यांचं कुणी नैरोबीत, लंडनला किंवा अमेरिकेत असे, त्यांच्याकडेच हा प्रकार यायचा. म्हणून आपल्याकडच्या माळ्यांवर सापडणाऱ्या रिळांत बहुधा दोनच विषय असतात. परदेशातल्या बर्फात उभे असलेले नातलग, आणि सुट्टीवर आलेल्या त्यांनी टिपलेलं गावचं घर.

यंत्र कसं चालतं

फिल्म सलग सरकत जाते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ती थांबत-थांबत जाते. एक छोटा पंजा भोकात शिरतो, एक चित्र खाली ओढतो, बाहेर येतो, पुन्हा वर जातो. सेकंदाला सोळा किंवा अठरा वेळा. हीच ती टकटक. चित्र हलत असताना झडप प्रकाश अडवते. चित्र स्थिर झालं की प्रकाश जातो. पण सेकंदाला सोळा वेळा अंधार आला तर डोळ्यांना चमचम जाणवते. म्हणून झडपेला तीन पाती असतात. सोळा गुणिले तीन, अठ्ठेचाळीस. एवढ्या वेळा उघडझाप झाली की डोळा फसतो. खिडकीच्या, म्हणजे 'गेट'च्या, वर आणि खाली फिल्मची सैल कमान सोडलेली असते. रिळं एकसारखी फिरतात आणि पंजा धक्क्याधक्क्याने ओढतो; त्या दोघांचं भांडण ही कमान सांभाळते. ती नाहीशी झाली की चित्र उड्या मारतं आणि भोकं फाटतात. एकत्र कुटुंबात अशा सैल कमानीचं काम कोण करतं, ते सर्वांना माहीत आहे.

डागडुजी

मुंबईच्या चोरबाजारात मी निवृत्तीनंतर एक ऑस्ट्रियन 'ऑयमिग पी-८' घेतला. पन्नासच्या दशकातलं मॉडेल. बारा व्होल्टचा, शंभर वॅटचा छोटा दिवा, त्यामुळे पाचशे-साडेसातशे वॅटच्या जुन्या अमेरिकन यंत्रांसारखी भट्टी पेटत नाही. त्यावर हात बसल्यावर आपल्या आणि शेजारच्या संस्थांमधली चार-पाच यंत्रं मी उघडली. त्यातून जे हाताशी लागलं ते सांगतो. कुणाच्या घरी असं यंत्र असेल तर उपयोगी पडेल.

पहिला नियम, जुनं यंत्र मिळालं की आधी वायर प्लगमध्ये घालायची नाही. बाजूचं बटण हाताने फिरवून पाहायचं. चाळीस वर्षांत ग्रीसचं मेण झालेलं असतं. तशात मोटर चालू केली तर एकतर मोटर जळते, नाहीतर चाकाचे दात तुटतात. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पूर्ण काढायचं, मग दातेरी चाकांना नवं ग्रीस आणि बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. दुसरा थेंब फिल्मवर जातो.

दुसरं, व्होल्टेज. अमेरिकेहून आलेलं यंत्र ११० ते १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. मागची पाटी वाचल्याशिवाय आणि योग्य ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय हात लावू नये. नाहीतर दिवा एकदाच लागतो, पण फार छान लागतो! वायरवरचं रबर तडकलं असेल तर वायरच बदलायची. यात हयगय नको, इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

तिसरं, पट्टे. रबरी पट्टा एकतर वितळून डांबर झालेला असतो, नाहीतर कडक होऊन तुटलेला. कंपन्या बंद झाल्या, सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून लोक यंत्र भंगारात देतात. तसं करू नका. पुली स्वच्छ करा, दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून माप घ्या, त्यातून दहा टक्के कमी करा, आणि तेवढा पट्टा किंवा ओ-रिंग शोधा. लॅमिंग्टन रोडला टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांत माझी दोन यंत्रं उभी राहिली. सोळा मिलिमीटरच्या काही बेल अँड हॉवेल यंत्रांत प्लॅस्टिकचं एक मुख्य चाक असतं. ते वयोमानाने आकसून तडकतं, अगदी न वापरताही. तिथे मात्र जाणकाराशिवाय पर्याय नाही.

चौथं, आपला पावसाळा. लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. वेळीच पुसली तर जाते. उशीर झाला तर काच कोरते. यंत्र कापडी खोळीत, कोरड्या जागी ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं यंत्र मी उघडलं तेव्हा आतून दमट वास आला होता. पिशवीने पाऊस बाहेर ठेवला, पण ओल आतच कोंडली.

शेवटी गेट. तिथे बसलेला धुळीचा एक कण सबंध फिल्मवर सरळ रेघ ओढतो. गेट प्रत्येक रिळाआधी पुसावं, लोखंडी वस्तूने कधीही खरवडू नये. आणि पहिली फेरी नेहमी टाकाऊ फिल्मची. घरची फिल्म नंतर.

बी विंगमधलं रीळ

आता यंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी बी विंगमधल्या वहिनी पत्र्याची एक गोल डबी घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ नैरोबीला रेल्वेत होते. १९६६ साली गणपतीला चिपळूणला आले तेव्हा त्यांनी ही आठ मिलिमीटरची फिल्म काढलेली. वहिनींचे यजमान त्यात सहा वर्षांचे. ते जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

डबी उघडली आणि खोलीत व्हिनेगरचा वास पसरला. जाणकारांच्या भाषेत हा 'व्हिनेगर सिंड्रोम'. ज्या अ‍ॅसिटेटने घराला आगीपासून वाचवलं, तेच उष्णतेने आणि दमटपणाने सावकाश विघटित होतं. त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, ते आम्ल विघटन आणखी वाढवतं. म्हणजे चक्रवाढ व्याजच! शेजारच्या डबीतल्या चांगल्या फिल्मलाही ते लागतं. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी ठिसूळ.

मी फूटपट्टी घेतली. आठ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत ३.८१ मिलिमीटर. शंभर भोकांना ३८१ भरायला हवेत. भरले ३७५. दीड टक्क्याहून जास्त आकसली होती. एक टक्क्याच्या पुढे गेलेली फिल्म प्रोजेक्टरवर घालू नये, असा संकेत आहे. पंजा ठरल्या जागी येतो, भोक तिथे नसतं, आणि पंजा चित्रातच घुसतो.

वहिनींना मी ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एकदाच लावा. फाटली तर फाटली. पाहणारी मी एकटीच उरलेय."

"वहिनी, नातवंडं आहेत ना?"

"त्यांना काय त्याचं? त्यांनी आजोबांना म्हातारंच पाहिलंय."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

माझं यंत्र समोर तयार होतं, दिवा चालू होता, आणि त्यांचा हक्क होता, वस्तू त्यांची होती. पण बँकेत शिकलो होतो की खातेदाराच्या एकुलत्या एका मूळ दस्तऐवजावर कुणी टाचणीसुद्धा टोचत नाही. मी दिवा बंद केला. फिल्म अंगठ्या-बोटांत कडेने धरून खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. चित्र जेमतेम पाच मिलिमीटरचं. लाल कौलं, हिरवं अंगण, आणि चड्डीतला एक पोरगा हात उंचावून उभा. कोडाक्रोमचे रंग अंधारात चांगले टिकतात. साठाएक वर्षांनंतरही लाल ते लालच होतं. वहिनी त्या एका चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं करू."

फिल्म आम्ही स्कॅनिंगला दिली. हे यंत्र पंज्याने ओढत नाही. रबरी चाकांवरून हळूहळू नेत एकेक चित्र टिपतं. चार हजारांच्या आसपास चित्रं. शेवटचे काही फूट इतके चिकटले होते की ते सुटले नाहीत; विसर्जनाचा भाग गेला तो गेला. उरलेला साडेतीन मिनिटांचा सिनेमा वहिनींच्या नातवंडांनी टीव्हीवर पाहिला. धाकटी नात म्हणाली, "आजोबा माझ्यासारखंच पळतायत." मूळ फिल्म टाकून दिली नाही. हवा खेळती राहील अशा डबीत, बाकीच्या रिळांपासून दूर, ती वहिनींच्या कपाटात आहे.

घरची फिल्म, जगाचा इतिहास

अशा फिल्मचं मोल काय, असं कुणी विचारेल. दोन उदाहरणं देतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. तिचं सर्वांत महत्त्वाचं चित्रण कुठल्या वृत्तसंस्थेचं नाही. झाप्रुडर नावाच्या कपड्यांच्या व्यावसायिकाने आपल्या आठ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने टिपलेले ते सव्वीस-सत्तावीस सेकंद आहेत. दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. यूटातल्या टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो नावाच्या कैद्याने लपवून आणलेल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने रोजचं जगणं टिपलं. माणसं बर्फ उडवतायत, देवळात जातायत, मुलं खेळतायत. ती घरगुती फिल्म १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेली. काढताना कुणालाच वाटलं नसेल की आपण इतिहास लिहितोय.

कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची, तिने २०१० च्या डिसेंबरअखेर ते काम थांबवलं. ऑयमिग कंपनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच बुडाली होती. यंत्रं मात्र अजून चालतात, कारण ती उघडता येतात. चार स्क्रू काढले की आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

आपली कॅसेट

आता मुद्द्यावर येतो. आपल्या संस्थेच्या भूमिपूजनाचं आणि पहिल्या सत्यनारायणाच्या पूजेचं चित्रण व्हीएचएस कॅसेटवर आहे. ती कॅसेट ऑफिसच्या लोखंडी कपाटात, जुन्या ऑडिट रिपोर्टांच्या मागे मी स्वतः पाहिली आहे. फिल्म निदान खिडकीशी धरली तर माणूस दिसतो. चुंबकीय फीत खिडकीशी धरली तर तपकिरी पट्टीच दिसते. ती वाचायला व्हीसीआर लागतो, आणि संस्थेत आज चालू स्थितीतला व्हीसीआर एकाही घरात नाही. आजच्या मोबाइलमधल्या चित्रांचीही तीच गत. फोन बदलला की गेली. त्या कॅसेटमध्ये आपल्यातून गेलेले चार-पाच संस्थापक सभासद उभे आहेत, बोलत आहेत. त्यांचा आवाज आणखी कुठेही नाही.

माझी सूचना अशी, की येत्या सर्वसाधारण सभेत किरकोळ खर्चातून ती कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचा ठराव व्हावा. एक प्रत ऑफिसात, एक सेक्रेटरींकडे, एक आणखी कुणाकडे. सभासदांनीही दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी गोल डबी खाली आली तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती उघडून वास घ्यावा. आंबट वास आला तर घाई करावी. नाही आला तरी फार आळस करू नये. डबीवर आठवेल तेवढं लिहून ठेवावं. कोण, कुठे, कोणतं साल. चित्र टिकतं, पण नावं सांगणारी माणसं टिकत नाहीत.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो. फूटपट्टी आणि भिंग तयार आहे. चहा आमच्याकडे.